टाळ्या थांबल्यानंतरची वर्षे

भीमेच्या उत्तरेला शिरूर तालुका आणि दक्षिणेला दौंड. पहाटे पुरते उजाडण्यापूर्वी या दोन्ही तालुक्यांतील रस्त्यांच्या कडेने धावणारी मुले दिसतात. अलीकडे त्यांत मुलीही असतात. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो. राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटरची धाव असते. या दलाचे क्रमांक ५ व ७ हे गट दौंडलाच आहेत आणि जवळच्या नानवीज येथे प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे खाकी वर्दी या भागाला परकी नाही. धावणाऱ्यांपैकी कोणी शाळेत असताना कबड्डीच्या जिल्हा संघात खेळलेला असतो, कोणी तालमीत चार-पाच वर्षे अंग मळवलेले असते. पण विसाव्या वर्षाच्या आसपास खेळ मागे पडतो आणि धावण्याची वेळ मोजणारे घड्याळ तेवढे हाती उरते.

घरची माणसे याला शहाणपण म्हणतात आणि त्यांचे चुकते असे नाही. रांजणगावच्या कारखान्यात किंवा कुरकुंभच्या रासायनिक वसाहतीत पाळीचे काम मिळाले, तर महिन्याच्या महिन्याला पैसे येतात. खेळाने काय येते? प्रशस्तिपत्र, ढाल, एखादा सत्कार आणि वर्तमानपत्रातील चार ओळी. ‘खेळून पोट भरते का?’ हा प्रश्न शिरूर-दौंडच्या घराघरांत विचारला जातो. तो अरसिक ठरवून झटकून टाकता येणार नाही. त्याचे उत्तर शोधायचे, तर ज्या देशांत खेळून पोट भरते अशी आपली समजूत आहे, तेथील खेळाडूच्या आयुष्याचा हिशेब एकदा नीट मांडून पाहिला पाहिजे.

बर्फावरचा धंदा

कॅनडातील बर्फावरची हॉकी हा या हिशेबासाठी सर्वांत बोलका खेळ आहे. ज्यांनी बर्फाची लादी रसवंतीगृहापलीकडे पाहिलेली नाही, त्यांनी दोनशे फूट लांब आणि पंचाऐंशी फूट रुंद असे गोठवलेले मैदान डोळ्यांपुढे आणावे. प्रत्येक बाजूला सहा खेळाडू. त्यांच्या पायांत धारदार पोलादी पात्यांचे बूट, हातात काठी, आणि चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती. वेग इतका, की खेळाडू एका वेळी पाऊण-एक मिनिटच मैदानात टिकतो आणि दम घेण्यासाठी बाकावर परततो. नॅशनल हॉकी लीग ही या खेळाची सर्वांत मोठी व्यावसायिक संघटना १९१७ साली स्थापन झाली. तिच्यातील आघाडीच्या खेळाडूंची आजची वार्षिक मिळकत कोट्यवधी रुपयांत मोजावी लागते. आपल्याकडील मुलांना दिसते ती ही मिळकत.

तिच्यामागची वाट मात्र दिसत नाही. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला, की कनिष्ठ संघाकडून खेळण्यासाठी घर सोडतो, परक्या गावात परक्या कुटुंबाच्या घरी राहतो आणि शाळा सांभाळून सामने खेळतो. अठराव्या वर्षी व्यावसायिक संघ त्याच्यासारख्या मुलांची निवड करतात. निवड झालेल्यांतील अनेकांना मुख्य लीगचे मैदान कधीच दिसत नाही. दुय्यम लीगमध्ये बसने गावोगाव हिंडण्यात त्यांची उमेदीची वर्षे संपतात. जे वर पोहोचतात त्यांचाही काळ थोडा असतो. सरकारी कारकुनाची पहिली बढती होते त्या वयात या खेळाडूची निवृत्ती आलेली असते.

बॉबी ऑर याचे उदाहरण या बाबतीत पुरेसे आहे. चौदाव्या वर्षीच बोस्टनच्या संघाने त्याला करारात बांधून घेतले. १९६६ साली, अठराव्या वर्षी, तो मुख्य संघात आला. बचावाच्या जागेवर खेळणाऱ्याने चढाई कशी करावी, याची रीतच त्याने बदलून टाकली आणि १९७० व १९७२ साली बोस्टनला अजिंक्यपद मिळवून दिले. पण गुडघ्यावर शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि १९७८ साली, तिसाव्या वर्षी, त्याला थांबावे लागले. ज्याच्या नावावर प्रेक्षागृहे भरत होती, तो निवृत्त होताना जवळजवळ कफल्लक होता. त्याचा व्यवहार पाहणारा वकील ॲलन ईगलसन हाच खेळाडूंच्या संघटनेचाही प्रमुख होता. बोस्टनने ऑरला संघाच्या मालकीतील साडेअठरा टक्के हिस्सा देऊ केला होता. ही गोष्ट या विश्वासू माणसाने त्याला कळूच दिली नाही. पुढे १९९८ साली अफरातफरीच्या गुन्ह्यांत ईगलसनला शिक्षा झाली. पण गेलेली वर्षे परत आली नाहीत, आणि गुडघाही.

खेळाडूंनी संघटना बांधावी, ही कल्पनाही तेथे सहजासहजी रुजली नाही. टेड लिंडसे या नामवंत खेळाडूने १९५७ साली तसा प्रयत्न केला, तेव्हा त्याच्या संघाने त्याची रवानगी शिकागोच्या संघात केली. संघटना टिकून उभी राहायला १९६७ साल उजाडले. निवृत्तिवेतनाच्या निधीतील शिल्लक रक्कम संघमालकांनी परस्पर वापरली, म्हणून निवृत्त खेळाडूंना न्यायालयात जावे लागले. १९९२ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. डोक्याला बसलेल्या माराचे परिणाम उतारवयात भोगणाऱ्या तीनशेहून अधिक माजी खेळाडूंशी लीगने २०१८ साली तडजोड केली, तीही स्वतःची जबाबदारी मान्य न करता. जगातील अत्यंत श्रीमंत खेळांपैकी एकाचा हा इतिहास आहे. तेथील खेळाडूला जे मिळाले ते चाहत्यांच्या प्रेमातून आलेले नाही. गिरणी कामगाराला जसे भांडून मिळवावे लागले, तसेच त्यालाही मिळवावे लागले.

आपल्या देशातही हा खेळ आहे. लडाखमधील गोठलेल्या तळ्यांवर तो खेळला जातो आणि त्यातील प्रमुख संघ लष्कराचे व भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे आहेत. म्हणजे तेथेही हातात काठी खेळाची असली, तरी चूल पेटते ती वर्दीवर. दौंडच्या मुलाला ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

खडकीचा धनराज

बर्फ दूरचे, पण हॉकीची काठी पुणे जिल्ह्याला दूरची नाही. इंग्रजांच्या छावण्यांबरोबर हा खेळ येथे आला. घोडनदी या नावाने ओळखले जाणारे शिरूर हे एके काळी घोडदळाचे ठाणे होते. तेथील छावणी गेली आणि तिच्या खुणा तेवढ्या राहिल्या. खडकीची छावणी राहिली, १८६९ साली तेथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि कामगारांच्या वसाहतीत हॉकी वाढली. १९३६ साली बर्लिनमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातील बाबू निमल हे याच परिसरातले.

याच वसाहतीत १६ जुलै १९६८ रोजी धनराज पिल्ले यांचा जन्म झाला. तमिळ कुटुंब, वडील मैदानाची देखभाल करणारे, घरात पाच मुलगे. नव्या काठ्या परवडत नसत म्हणून मुले मोडक्या काठ्यांवर आणि टाकून दिलेल्या चेंडूंवर खेळत. मैदान मऊ मातीचे आणि खड्ड्यांचे. अशा जमिनीवर चेंडू काठीला चिकटून ठेवण्याची जी सवय लागली, तीच पुढे त्यांची ओळख ठरली. थोरले बंधू रमेश मुंबईत राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडून खेळत होते. त्यांच्या आधाराने धनराज मुंबईला गेले. ज्वाकिम कार्व्हालो यांच्या नजरेखाली महिंद्र आणि महिंद्रच्या संघात त्यांची घडण झाली आणि १९८९ साली ते भारतातर्फे खेळू लागले. पुढे त्यांना इंडियन एअरलाइन्सची नोकरी मिळाली.

त्यानंतरच्या पंधरा वर्षांत त्यांनी ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई स्पर्धा हा योग त्यांच्याखेरीज कोणाच्या वाट्याला आलेला नाही. पण त्यांनी गोल किती केले, हे कोणी अधिकृतपणे सांगू शकत नाही. कारण भारतीय हॉकी महासंघाने ती नोंदच ठेवली नाही. दौंडच्या रेल्वे यार्डात किती वाघिणी आल्या आणि किती गेल्या, याची नोंद सुटत नाही. देशाच्या सर्वोत्तम आघाडीवीराच्या कामाची मोजदाद मात्र कोणाला आवश्यक वाटली नाही. एवढ्या एका गोष्टीवरून आपण खेळाडूकडे कसे पाहतो हे उमगते. त्याला आपण वीर मानतो. कामगार मानत नाही. वीराच्या कामाची नोंद, त्याचे वेतन, त्याची रजा, त्याचा विमा यांचा विचार करणे आपल्याला जणू हलकेपणाचे वाटते.

१९९८ सालच्या डिसेंबरात बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराज यांच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. मायदेशी परतल्यावर संघात बक्षिसांची नव्हे, तर वगळलेल्यांची चर्चा सुरू झाली. कर्णधारासह काही ज्येष्ठ खेळाडूंना पुढच्या मालिकेसाठी घेण्यात आले नाही. अधिकृत कारण विश्रांतीचे होते. धनराज यांनी भत्ते आणि मानधन याबद्दल उघडपणे तक्रार केली होती. हे वगळणे म्हणजे तिचेच उत्तर, असे त्या वेळी सर्वत्र मानले गेले. १९५७ सालचा लिंडसे आणि १९९८ सालचा धनराज यांच्यात चाळीस वर्षांचे आणि दोन महासागरांचे अंतर आहे. पण पैशाचा प्रश्न विचारणाऱ्या खेळाडूला मिळालेली वागणूक तीच आहे.

देशासाठी खेळून जे मिळत नव्हते, ते धनराज यांनी परदेशी क्लबांकडून मिळवले. लंडनचे इंडियन जिमखाना, फ्रान्समधील लियों, जर्मनीतील स्टुटगार्ट, ढाक्याचे अबहानी आणि मलेशियातील क्लब अशा अनेक ठिकाणी ते हंगामी खेळाडू म्हणून गेले. या अर्थाने ते आपल्या जिल्ह्याने पाहिलेले पहिल्या प्रतीचे व्यावसायिक हॉकीपटू ठरतात. अर्जुन पुरस्कार, खेलरत्न, पद्मश्री हे सन्मान त्यांना मिळाले आणि ते योग्यच होते. पण २००४ सालच्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये, अखेरच्या स्पर्धेत, त्यांना बराच काळ बाकावर बसावे लागले. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही सन्मानाने निरोप देण्याची रीत आपल्याला जमली नाही.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागेल. धनराज यांना मैदानाबाहेर उभे राहता आले, याचे कारण त्यांच्या पाठीशी नोकरी होती. खडकीच्या त्याच मातीत त्यांच्याबरोबर खेळलेली, जवळपास तेवढीच गुणी, पण नोकरी न मिळालेली मुले कोठे गेली? त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत.

जत्रेतला आखाडा आणि लिलावातली बोली

खेळ हा पोटाचा धंदा असणे ही कल्पना ग्रामीण महाराष्ट्राला नवी नाही. गावच्या जत्रेतील निकाली कुस्तीचा फड हा आपला जुना व्यावसायिक खेळच आहे. रेवड्या-नारळावरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून मोठ्या इनामाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत तेथे प्रत्येक जोडीचे मोल ठरलेले असते. दूध, तूप, बदाम यांचा खुराक पैलवानाला परवडावा म्हणून बापाने वावर गहाण टाकल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकू येतात. पण गुडघा किंवा खांदा निखळला, की फडाचा आणि पैलवानाचा संबंध संपतो. तेथे करार नाही, विमा नाही, निवृत्तिवेतन नाही. इनाम आहे, आणि इनाम त्या दिवसापुरते आहे.

खाशाबा जाधव यांचे नाव या संदर्भात घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तेथे पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले आणि १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार आला तो त्यानंतर दीड तपाने. एका शिक्षकाने घर गहाण टाकावे, ही त्या शिक्षकाची थोरवी. पण ती व्यवस्थेची लाज आहे, हेही सांगितले पाहिजे.

आज चित्र बदलल्यासारखे वाटते. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा पहिल्या लिलावातील सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०१८ साली एका खेळाडूवर दीड कोटीची बोली लागली आणि २०२३ साली अडीच कोटींचा आकडा ओलांडला गेला. २०२४ साली पुणेरी पलटणने अजिंक्यपद मिळवले, तेव्हा शिरूर-दौंडच्या मैदानांवरही आनंद झाला असेल. ज्या खेळाला साहित्य म्हणून फक्त चुन्याची रेघ लागते, तो खेळ एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाला लक्षाधीश करतो, ही लहान गोष्ट नाही.

पण लिलाव ही नोकरी नव्हे. हॉकीचा अनुभव येथे डोळ्यांपुढे ठेवावा. २००५ साली प्रीमियर हॉकी लीग निघाली आणि २००८ साली संपली. २०१२ची वर्ल्ड सिरीज हॉकी एका हंगामापलीकडे गेली नाही. हॉकी इंडिया लीग २०१३ साली सुरू झाली, २०१७नंतर बंद पडली आणि २०२४च्या अखेरीस पुन्हा उभी राहिली. मधल्या सात वर्षांत ज्यांची पंचविशी-तिशी गेली, त्यांच्या लेखी ती लीग नव्हतीच. प्रायोजकाच्या ताळेबंदावर उभा असलेला धंदा मुलाने निवडावा, तर तो कधी मिटेल याचाही विचार त्याला आधी करावा लागेल.

काय करता येईल?

मग खेळाचा नाद सोडून सर्वांनी १६०० मीटरच धावावे काय? तसे म्हणणे म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम करणे होय. खेळाडूला कामगार मानले, की करण्यासारख्या गोष्टी आपोआप दिसू लागतात.

पहिली गोष्ट शिक्षणाची. पश्चिम कॅनडातील कनिष्ठ हॉकी लीगमध्ये मुलगा जितके हंगाम संघाकडून खेळतो, तितक्या वर्षांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च त्याच्या नावे राखला जातो. हे दान नाही. खेळलेल्या प्रत्येक वर्षाचा तो मोबदला आहे. आपल्याकडे दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडा गुण मिळतात आणि तेथे शाळेची जबाबदारी संपते. वस्तुतः शाळेच्या नावासाठी दोन-तीन वर्षे मैदानात राबलेल्या मुलाचा बुडलेला अभ्यास भरून काढणे, हे त्या शाळेचे ऋण आहे. शिरूर-दौंडमधील शिक्षकांनी मनावर घेतले, तर त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.

दुसरी गोष्ट नोकरीची. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्याने या सवलतीला काळिमा लागला आहे. खोट्या प्रमाणपत्राने गेलेली प्रत्येक जागा ही खऱ्या खेळाडूच्या ताटातली भाकरी असते. ही सवलत किती मोलाची आहे ते पाहायचे, तर स्वप्नील कुसळे यांच्याकडे पाहावे. कोल्हापूर जिल्ह्यातील हा नेमबाज २०१५ सालापासून मध्य रेल्वेच्या सेवेत होता. तिकीट तपासनीस असतानाच त्याने २०२४ साली पॅरिसमध्ये ऑलिंपिक कांस्यपदक जिंकले. दौंडसारख्या रेल्वेच्या गावाने हे उदाहरण आपल्या मुलांना अवश्य सांगावे. नोकरीने त्याचा खेळ संपवला नाही. पदकाची वाट पाहण्याइतका धीर तिने त्याला दिला.

तिसरी गोष्ट दुखापतीची. जिल्हा पातळीपासून पुढे खेळणाऱ्या प्रत्येक मुलाचा आणि मुलीचा वैद्यकीय विमा असणे, तसेच जत्रेच्या फडात उतरणाऱ्या मल्लाचा त्या दिवसापुरता तरी विमा उतरवणे, ही फार मोठ्या खर्चाची बाब नाही. मंडपाला आणि फटाक्यांना जेवढे लागते, त्याच्या काही अंशात ते भागेल. आणि खेळाडूच्या हाती करार आला, तर सही करण्याआधी तो कोणी जाणत्याने वाचून दाखवावा. बॉबी ऑरला वकील नव्हता असे नाही. त्याच्या बाजूने कागद वाचणारे कोणी नव्हते.

‘खेळून पोट भरते का?’ या प्रश्नाचे उत्तर खेळाडूच्या अंगातील गुणावर जितके अवलंबून असते, तितकेच त्याच्या गावाने आणि शाळेने त्याच्या पस्तिशीनंतरच्या आयुष्याचा विचार केला आहे की नाही, यावर असते. माणसाला साठ-सत्तर वर्षे जगायचे असते आणि त्यांतली खेळाची वर्षे पंधरा. त्या पंधरा वर्षांचे सत्कार करायला आपल्याकडे हार पुष्कळ आहेत. उरलेल्या वर्षांची सोय झाली, तर उद्या पहाटे भीमाकाठच्या रस्त्यावर धावणारा मुलगा संध्याकाळी कबड्डीच्या मैदानावर परत येईल आणि घरचे त्याला हाक मारून मागे बोलावणार नाहीत.